खुले पत्र: किट परत करून आलेलं पोर

मा. लिसा नंदी,
संस्कृती, माध्यमे व क्रीडा मंत्री, ब्रिटन

सप्रेम नमस्कार.

आपण विगनच्या खासदार, आणि उत्तर इंग्लंडातलं ते गाव रग्बी लीगचं (तेरा-तेरा जणांनी खेळायच्या रग्बीचं) वेड असलेलं, तेव्हा हा खेळ म्हणजे काय हे मी आपल्याला सांगायला नको. मी मूळचा सांगलीचा, आता ब्रॅडफर्डकर. कबड्डीत वाढलो, त्यामुळे पकड, आपटणं, उठून पुन्हा भिडणं हे पहिल्याच सामन्यात ओळखीचं वाटलं.

व्यावसायिक क्लबांनी मुलांच्या अकादमी (पोरांना व्यावसायिक खेळाडू म्हणून घडवणारी केंद्रं) चालवाव्यात का, यावर इथे सतत वाद. पोरं मोजकी, खर्च फार, म्हणून थोड्याच अकादमी ठेवा, असं एक म्हणणं. २०२१ मध्ये ब्रॅडफर्ड, कॅसलफर्ड आणि हल केआर या क्लबांना खेळाच्या नियामक मंडळाने आधी अकादमीचा परवाना नाकारला. ओरड झाल्यावर दिला, तोही तात्पुरता. ब्रॅडफर्डला! सॅम बर्जेससारखा नामवंत खेळाडू इथेच घडला. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लीगच्या अंतिम सामन्यात पहिल्याच टॅकलला त्याच्या गालाचं हाड मोडलं, तरी पठ्ठ्या शेवटपर्यंत खेळला आणि सामनावीर ठरला. अकादमी क्लबांकडेच हव्यात, आणि गावोगावी हव्यात.

पण शेजारच्या पोराचं सांगतो. एका क्लबच्या (नाव घेत नाही) अकादमीत होता. त्याची आई पावसापाण्यात त्याला सरावाला सोडायची, गाडीतच डबा खायला लावायची. अठरा पूर्ण झाली आणि दहा मिनिटांच्या बैठकीत सांगितलं, करार नाही. किट परत करून आला. दातांचं कवच तेवढं राहिलं, ते अजून खिडकीत पडलंय. ए-लेव्हल (इथली बारावी) अर्धवट. गल्लीतल्या ज्या क्लबात सहाव्या वर्षापासून खेळला, तिथे जायची त्याला लाज वाटते. त्या क्लबाच्या हाती तर काहीच लागलं नाही. तिथे जर्सीसुद्धा कुणीतरी घरी नेऊन धुतं.

मे २०२० मध्ये आपल्याच खात्याने या खेळाला १ कोटी ६० लाख पौंडांचं कर्ज दिलं होतं. सरकारी पैसा घेणाऱ्याला अटी घालता येतात. दोनच घाला: वगळलेल्या पोराच्या शिक्षणाची किंवा कामाची दोन वर्षं सोय क्लबने करायची, आणि पोराशी करार झालाच तर गल्लीतल्या क्लबाला त्यातला वाटा द्यायचा.

विगनला येऊन आपल्याला भेटायची तयारी आहे. वेळ कळवावी. पोरगाही येतो म्हणतोय.

आपला,
एक ब्रॅडफर्डकर मराठी