एकमेकांसाठी थांबा

भायखळा, मुंबई

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात आशीर्वाद.

खारघरला राहायला गेल्यापासून तू रविवारची उपासना मोबाइलवर पाहतेस आणि संदेश घरबसल्या ऐकता येत असेल तर मंडळीत जाण्याची गरज काय, असे तू परवा विचारलेस. फोनवर मला ते नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

संदेश घरी ऐकता येतो, हे खरेच आहे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तर ती मोठी सोय आहे. पण प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय पुन्हा वाच. तिथले लोक नेमाने एकत्र जमत होते. तरी काही जण आपापले जेवण आधीच उरकून घेत आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशी राहत. अशा भोजनाला पौल प्रभूचे भोजन म्हणायलाच तयार नाही. त्याने सांगितलेला उपाय किती साधा आहे बघ: भोजनाला एकत्र याल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचे ताट बाकाबाकांवरून फिरते आणि शेवटच्या बाकावरच्या माणसाच्या हाती तुकडा पोहोचेपर्यंत कोणी खात नाही. कुणा आजोबांचा हात थरथरत असेल, तर शेजारचा त्यांचा छोटा पेला धरतो आणि सगळी रांग तेवढा वेळ थांबते. बँकेतला अधिकारी आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाई, दोघेही हातात तोच तुकडा धरून बसलेले असतात. मोबाइलवर हे दिसते, पण आपल्यासाठी तिथे कोणी थांबलेले नसते आणि आपणही कोणासाठी थांबत नाही.

मनासारख्या चार मैत्रिणींची प्रार्थनासभा चांगलीच. मात्र त्या मैत्रिणी तू निवडलेल्या असतात, मंडळीतली माणसे प्रभूने दिलेली असतात. त्यांच्यात भांडणे होतात, कमिटीच्या निवडणुकीत कटुताही येते, हे तू पाहिले आहेस. तरीही सोडून जाणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि केवळ विश्वास कबूल करणाऱ्यालाच तो देणारे, बिशप मानणारे आणि न मानणारे, अशा सहा परंपरांची मिळून 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यासाठीची बोलणी 1929 सालीच सुरू झाली होती. चाळीस वर्षांहून अधिक काळ ही माणसे एकमेकांसाठी थांबली आणि शेवटी दोन्ही प्रकारच्या बाप्तिस्म्यांना एकाच मंडळीत जागा मिळाली.

तुझ्या घराजवळ मराठी उपासना कुठे होते, याची चौकशी मी पाळकसाहेबांकडे करतो. तोवर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला इकडेच ये. कुर्ल्याला गाडी बदललीस की भायखळा फार लांब नाही आणि उपासना साडेनऊला सुरू होते.

तुझे पप्पा