बाबांच्या काँप्युटरसाठी

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "काँप्युटर संपला आता. मोडीचे कागदही गुंडाळून ठेवतो." तेव्हापासून ते मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. फोनवर अर्धं राहून जातं, आणि समोर कागद असला की बाबा ओळीवर बोट ठेवून काम करतात.

बाबा, काँप्युटर संपलेला नाही. दुकानदार म्हणतो म्हणून नवा घेऊ नका. तो अडकत चालतो, एवढंच. तुम्ही टास्क मॅनेजर (काँप्युटरचा भार दाखवणारी खिडकी) उघडून मला वाचून दाखवलंत ना, मेमरी (रॅम) ४ जीबी, डीडीआर३ जातीची, पट्ट्या बसवायच्या दोन खाचांपैकी, म्हणजे स्लॉटपैकी, एकच भरलेला. दुखणं तिथेच आहे.

पणजोबांच्या मोडी कागदांचं एक पान तुम्ही ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन करता. डिस्कवर ती फाइल लहान दिसते, कारण ती दाबून ठेवलेली असते. उघडली की प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात, आणि ए-४ आकाराचं ते एक पान मेमरीत शंभरेक एमबी व्यापतं. तुम्ही अक्षर जुळवायला दहा पानं शेजारी-शेजारी उघडता, म्हणजे एक जीबी गेली. विंडोज आणि ब्राउझरने बरीच जागा आधीच घेतलेली असते. मग उरलेलं सामान हार्ड डिस्कवर जायला लागतं. मेमरीतून माहिती मिळायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो, फिरत्या डिस्कवरून शंभरावा. लाखपट फरक! तो लाल दिवा सतत लुकलुकतो आणि माउस अडकतो, तो यामुळे. नुसतं वाचायचं असेल तर ३०० डीपीआय पुरे, पान चौपट हलकं होतं. जपून ठेवायची प्रत मात्र ६००चीच असू द्या.

मेमरी घेण्याआधी एक काम करा. आतापर्यंतची सगळी स्कॅन बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. हार्ड डिस्क जुनी आहे. मेमरी पुन्हा विकत मिळेल, ती पानं मिळणार नाहीत. दुसरं, सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या 'अबाउट'मध्ये ६४-बिट लिहिलंय का बघा. ३२-बिट असेल तर विंडोज ४ जीबीच्या पुढे वापरणारच नाही, आणि पैसे फुकट जातील. तसं असलं तर खरेदी थांबवा, मी येते तेव्हा बघू.

खरेदीला आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जा, रिक्षानेच. आतली मेमरीची पट्टी काढून सोबत न्या आणि अगदी तशीच दुसरी मागा: डेस्कटॉपची, डीडीआर३, ४ जीबी. एकूण ८ झाली की तुमच्या कामाला भरपूर. दोन्ही सारख्या असल्या की जोडीने चालतात, थोडा वेगही वाढतो. वेगाचा आकडा १३३३ऐवजी १६०० असला तरी चालेल, ती १३३३नेच धावेल. डीडीआर४ मात्र घेऊ नका. तिला २८८ पिना, आपलीला २४०, आणि खाच वेगळ्या जागी असते. ती बसणार नाही, आणि जोर लावला तर स्लॉट मोडेल. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तीही नको.

बसवताना कॅबिनेट जेवणाच्या टेबलावर घ्या, बाबांनी वाकायचं नाही. वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगावरच्या स्थिर विजेने चिप जळू शकते, विशेषतः इंदूरच्या कोरड्या थंडीत. आई, टॉर्च तू धर, तुझी नजर चांगली आहे. खाच जुळवायची, दोन्ही टोकांना अंगठ्याने सारखं दाबायचं, क्लिप खट्कन बसेपर्यंत. चालू केल्यावर नुसतं बीप-बीप झालं आणि पडदा काळा राहिला तर घाबरू नका. पुन्हा वायर काढा, पट्टीची सोनेरी कड पेन्सिलच्या रबराने हलकेच पुसा आणि परत बसवा. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून बँकेची कामं यावर करू नका, फोनवर करा. हे यंत्र कागदांसाठीच राहू द्या.

बाबा, घरात मोडी वाचणारे आता तुम्ही एकटेच. मला अजून जोडाक्षरं अडतात, तुमच्या लिप्यंतरावरूनच मी शिकते आहे. पट्टी बसली की टास्क मॅनेजरमध्ये ८ जीबी दिसतात का ते रात्री फोन करून सांगा, आणि जमाखर्चाच्या वहीची पानं सगळ्यांत आधी घ्या. त्यांची शाई उडत चालली आहे.

तुमची,
लेक