बंडूसाठी ये

लालबाग, मुंबई
रविवार, रात्र

प्रिय सुध्या,

काल फोनवर धड बोलताच आलं नाही. गॅलरीत गलका होता आणि आपला चाळीचा कुत्रा, बंडू, माझ्या मांडीवर होता. म्हणून लिहायला बसलो.

मे महिन्यापासून त्याचं जेवण बाहेर यायला लागलं. ओकारी नव्हे. पोट ढवळायचं नाही, उमाळे यायचे नाहीत, नुसती मान खाली केली की भात जसाच्या तसा बाहेर. आम्ही पंधरा दिवस दहीभातावर काढले. जवळच्या दवाखान्यातही पोटाचीच औषधं मिळाली. मग एका संध्याकाळी जिन्यात त्याचे मागचे पाय बसले. थोडा वेळ पडून राहिला, उठला, चार पायऱ्या चढला, पुन्हा बसला. तीन मजले एका दमात चढणारा आपला बंडू! त्याला उचलून आणताना मला तुझीच आठवण आली. पिल्लू असताना तूच त्याला शर्टात घालून वर आणला होतास.

परळला बैलघोड्यात, जनावरांच्या इस्पितळात नेला. एक्स-रेमध्ये अन्ननलिका पिशवीसारखी फुगलेली. डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत तो उठून दारापर्यंत चालत गेला. मला वाटलं, बरा झाला. पण ती फक्त आजार ओळखायची चाचणी होती, थोड्या वेळाने पुन्हा आडवा.

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. माणसांनाही होतो, कुत्र्यांत विरळा. मज्जातंतू स्नायूला निरोप धाडतो, पण तो निरोप झेलणाऱ्या जागांवर शरीरच हल्ला करतं. म्हणून चार पावलांत पाय थकतात. अन्ननलिकाही तशीच ढिली पडते आणि घास पोटापर्यंत पोचत नाही. काही कुत्र्यांत काही महिन्यांनी हा आजार ओसरतो. तोवर खरी भीती न्यूमोनियाची, कारण वर आलेला घास श्वासनलिकेत गेला की फुप्फुसात जातो. जुलैत एकदा तसं झालं. ताप, धाप, पाच दिवस अँटिबायोटिक. त्या पाच रात्री मी विसरणार नाही.

आता त्याला माणसासारखं उभं बसवूनच भरवावं लागतं. तळमजल्यावरच्या सुतारकाकांनी खुर्ची करून दिली, मजुरी घेतली नाही. अमेरिकेत बेली नावाच्या कुत्र्यासाठी अशी खुर्ची केली होती, म्हणून तिला बेली चेअर म्हणतात. पायरिडोस्टिग्मिनची पाव गोळी दर आठ तासांनी. गोळीनंतर तासाभराने पातळ केलेला भात आणि चिकन, आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास तसंच उभं धरून ठेवायचं. पाणीसुद्धा तसंच. असं दिवसातून तीनदा.

चाळीने वाटून घेतलंय सगळं. सकाळ माझी. दुपार नऊ नंबरवाल्या काकूंची, ज्या एकेकाळी त्याला झाडूने हाकलायच्या. परवा त्याच्या छातीला हात लावून त्या त्याला हळू आवाजात रामरक्षा म्हणून दाखवत होत्या. संध्याकाळ चौदा नंबरच्या कॉलेजातल्या पोरींची. औषधांसाठी डबा फिरवला तर निवृत्त गिरणी कामगारांनीही पैसे टाकले. पैशाचं भागतंय, सुध्या. हात कमी पडतायत.

गणपतीत चाळ रिकामी होते, तुला माहीत आहे. काकू सिंधुदुर्गात चालल्या, पोरी संगमेश्वरला, सुतारकाका गुहागरला. त्यांना थांबा म्हणायचं माझ्या जिभेवर येत नाही, वर्षातून एकदा घराचं दार उघडतं त्यांच्या. मी राहतोय, पण तीन ते अकरा माझी पाळी. त्यात ढोल, फटाके, आणि दर्शनाच्या रांगांनी रस्ता बंद. दचकून धावायला गेला तर पाय साथ देणार नाहीत. रात्री काही झालं तर परळपर्यंत त्याला उचलून न्यायला दोन माणसं लागतील.

तुमचा गणपती थोरल्या दादाकडे, दीड दिवसाचा. विसर्जन झालं की ये. लॅपटॉप घेऊन ये, काम इथूनच कर. मला आठ दिवस दे. अनोळखी हाताने भरवलं तर तो मान फिरवतो. तुझा आवाज काल फोनवर ऐकला आणि शेपूट हलवली त्याने. पाय उचलत नव्हते, पण शेपूट हलली.

खोलीची किल्ली काकू निघायच्या आधी त्यांच्याकडून घेऊन ठेवतो, तुझी गादी गच्चीत उन्हं दाखवून ठेवतो. पंचवटी एक्सप्रेसने आलास तर दादरला उतर, मी सकाळी मोकळा असतो, न्यायला येईन. कुठल्या दिवशी निघतोस तेवढं कळव.

तुझा,
विनू