अस्सलपणा काय ठिपक्यांतच असतो?

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतील ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी चित्रकलेवरचा लेख वाचला. लेखकांच्या व्यासंगाविषयी आदर बाळगूनही त्यांचा निवाडा पटत नाही. शहरांत राहून छायाचित्रे आणि व्हिडिओ करणाऱ्या कलाकारांत ‘आदिवासी’ असे काही उरले नसून अस्सलपणा ठिपक्यांच्या चित्रांतच टिकला आहे, असे ते म्हणतात. ठिपक्यांच्या चित्रांतल्या आकृत्या पुरातन असतील; पण त्या फळ्यांवर आणि पुढे कॅनव्हासवर ॲक्रिलिक रंगांत उतरू लागल्या त्या १९७१ पासून, मध्य ऑस्ट्रेलियातील पापुन्या या आदिवासी वस्तीत, जेफ्री बार्डन या शाळामास्तरांच्या प्रोत्साहनाने. म्हणजे ही प्राचीन परंपरा वयाने माझ्याहून लहान आहे.

मुलीकडे मेलबर्नला गेलो असता तिथल्या एका संग्रहालयात (नाव घेत नाही) अल्बर्ट नामाजिरा यांच्या जलरंगातील निसर्गचित्रापुढे थांबलो होतो. मागे जांभळट डोंगर, पुढे पांढऱ्या बुंध्याचे एकच झाड आणि त्याच्या सालीवर उन्हाची फिकट गुलाबी झाक. मार्गदर्शक बाईंनी ‘छान आहे, पण युरोपीय वळणाचं’ असे म्हणून आम्हाला पुढच्या दालनात पिटाळले, कारण ‘खरी’ चित्रे म्हणे तिकडे होती! नामाजिरा अरंदा या आदिवासी समाजाचे आणि ते डोंगर त्यांच्या पूर्वजांच्या भूमीतले. १९५७ मध्ये सरकारने त्यांना अपवाद म्हणून नागरिकत्वाचे हक्क दिले, पुढच्याच वर्षी आपल्याच समाजातील, म्हणजे तेव्हा दारूची बंदी असलेल्या, माणसाला दारू दिल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली, ती त्यांनी भोगली पापुन्यातच, आणि १९५९ मध्ये ते वारले. एवढ्यावरही त्यांना आदिवासीपणाचा दाखला द्यायचा राहिलाच असेल, तर तो कोणत्या कचेरीत मिळतो हे लेखकांनी कळवावे.

फसवणूक होते ती वेगळीच. इंडोनेशियात बनलेल्या वस्तू ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या हातच्या असल्याचे भासवून विकणाऱ्या बिरुबी आर्ट या कंपनीला २०१९ मध्ये न्यायालयाने २३ लाख डॉलरचा दंड केला. त्या वस्तूंवर ठिपके भरपूर होते. लेखात मात्र याचा उल्लेखही नाही.

आता थोडे आपल्याविषयी. लेखासोबतच्या चित्राखाली आपण ‘आदिवासी चित्र, ऑस्ट्रेलिया’ एवढेच छापले आहे. जुन्या संग्रहालयांतही झाडाच्या सालीवरील चित्रांखाली ती जमवणाऱ्या गोऱ्या संशोधकाचे नाव असे, काढणाऱ्याचे बहुधा नसे. १९८९ मध्ये पॅरिसच्या ज्या प्रदर्शनात आपले जिव्या सोमा मशे होते, तिथेच ऑस्ट्रेलियातील युएन्दुमू या आदिवासी वस्तीच्या कलाकारांनी जमिनीवर चित्र मांडले होते. मशे यांचे चित्र आपण ‘वारली चित्र, भारत’ एवढ्यावर भागवून छापाल काय? खुलासा छापणार असाल, तर चित्रकाराच्या नावासह छापावा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली