सोलर की जनरेटर? ॲरिझोनातल्या काकांना उघड आभारपत्र

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आमच्या ओळखीतली आणखी काही मराठी कुटुंबं इकडे कॅम्पिंगचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायच्या विचारात आहेत. तुम्ही आम्हाला जे समजावलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं असं फार वाटतं.

आम्ही तुमच्याकडे एकच प्रश्न घेऊन आलो होतो: ट्रेलरच्या छतावर सोलर पॅनेल बसवायची की जनरेटर घ्यायचा? दुकानात प्रत्येकाकडे याचं उत्तर तयार होतं. तुम्ही मात्र उलटा प्रश्न केलात, "रात्री दहानंतर तुमच्या ट्रेलरमध्ये काय काय चालू राहणार आहे?"

बाबा सांगलीहून येणार होते. झोपेत त्यांचा श्वास अडकतो, त्यामुळे सीपॅप मशीन रात्रभर चालावंच लागतं. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, म्हणजे दक्षिणेकडच्या कड्यावर, मेदर कॅम्पग्राउंडमध्ये राहायचं आम्ही ठरवलं होतं आणि तिथे ट्रेलरला वीज जोडायची सोय नाही. जनरेटर ठराविक वेळातच चालवायचा. रात्री दहा ते सकाळी सहा तर पूर्ण शांतता. म्हणजे जनरेटर कितीही भारी घेतला तरी बाबांची रात्र बॅटरीवरच जाणार. हे तुम्ही बोलून दाखवलंत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, आणि त्याच क्षणी प्रश्नाची दिशाही बदलली. आधी बॅटरी ठरवायची. ती भरायची कशी, हा पुढचा प्रश्न.

मग तुम्ही वही काढलीत. एमएसईबीत आयुष्य घालवलेल्या माणसाची ती वही! प्रोपेनच्या हीटरचा पंखा सात ॲम्प घेतो. थंडीच्या रात्री तो एकूण पाच तास फिरला तर पस्तीस ॲम्प-अवर तिथेच गेले. हीटर गॅसवर चालतो म्हणून त्याचा विजेशी संबंध नाही असं पुष्कळांना वाटतं, आणि पहाटे बॅटरी संपवतो तो हाच पंखा. सीपॅपचे पंचवीसेक. दिवे, पाण्याचा पंप, फोन मिळून पंधरा-वीस. फ्रिज प्रोपेनवर, त्यामुळे त्याचं फारसं काही नाही. दिवसाची बेरीज ८० ॲम्प-अवरच्या आसपास आली. सीपॅपमधला पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर बरीच वीज वाचते, पण "वाळवंटातली हवा कोरडी असते, आधी बाबांच्या डॉक्टरांना विचार" असं तुम्ही बजावलंत. मशीनला इन्व्हर्टरऐवजी थेट १२ व्होल्टची वायर लावायचंही तुम्हीच सुचवलंत.

एसीबद्दल तुम्ही स्पष्ट बोललात आणि ते फार बरं झालं. १३,५०० बीटीयूचा, म्हणजे एक टनाहून थोडा मोठा, एसी चालताना तेराशे ते पंधराशे वॅट ओढतो. म्हणजे १०० ॲम्प-अवरची लिथियम बॅटरी तासाभरात रिकामी. ज्यांना जुलैत फीनिक्सच्या आसपास राहायचं आहे त्यांनी जनरेटर घ्यावा किंवा वीजजोडणीची जागा घ्यावी, पॅनेलवर भिस्त ठेवू नये. आम्ही हिवाळ्यात ॲरिझोनाच्याच वाळवंटातल्या क्वार्ट्झसाइटला आणि वसंतात उंचावर जाणार होतो, एसीची गरजच नव्हती. त्या एका उत्तरावर आमचा निम्मा निर्णय झाला.

आम्ही १००-१०० ॲम्प-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या घेतल्या, छतावर २०० वॅट आणि घडी करून ठेवता येणारी आणखी २०० वॅटची पॅनेल. घडीच्या पॅनेलचा आग्रह तुमचा. मेदरला उंच पाँडेरोसा पाइन आहेत आणि ट्रेलर सावलीत उभा राहतो. छतावरच्या पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी वीज किती घसरते ते तिथे डोळ्यांनी पाहिलं. घडीचं पॅनेल मात्र लांब वायर जोडून उन्हात नेता येतं. क्वार्ट्झसाइटला सावलीचा त्रास नाही, पण डिसेंबरात भरदुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंशांवर असतो. आडव्या पॅनेलवर ऊन तिरकं पडतं. ती दक्षिणेकडे कलती केली की आकडा कसा चढतो ते बाबा रोज मीटरवर बघत बसायचे.

आणि तुमच्याकडून उसना नेलेला जनरेटर. दोन दिवस आभाळ भरून आलं तेव्हा त्यानेच सांभाळलं. शिसं-आम्लाची बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे चार्ज घ्यायला कुरकुर करते, त्यामुळे तिच्यासाठी मेदरला जनरेटर चालवायला मिळणारे सकाळचे दोन तास पुरत नाहीत. लिथियम शेवटपर्यंत भराभर घेते. आमच्या ५५ ॲम्पच्या चार्जरवर दोन तासांत दिवसाची वीज भरून निघाली. साउथ रिमच्या सात हजार फुटांवर हवा विरळ असते आणि जनरेटरची ताकद जवळपास चौथ्या हिश्शाने कमी होते, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून त्या वेळी मायक्रोवेव्ह लावला नाही. जनरेटर ट्रेलरपासून वीस फुटांवर, धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट दिशेला, हे तर तुम्ही मुलालाही पाठ करायला लावलंत. शून्याखाली लिथियम चार्ज करायची नाही म्हणून बॅटऱ्या आत, पलंगाखाली ठेवल्या.

काका, बाबा त्या सगळ्या रात्री शांत झोपले. सकाळी उठून कॅन्यनच्या कडेला चालत गेले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे दाखवता आलं याचं समाधान मोठं आहे, आणि त्यात तुमचा वाटा फार मोठा आहे. काकूंनी सोबत दिलेल्या मेतकुटाचे आभार बाबा स्वतः फोन करून मानणार आहेत.

जनरेटर येत्या शनिवारी आणून देते. तेल बदललं आहे, टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे केले आहेत. वही मात्र अजून आठवडाभर माझ्याकडे राहू दे. शेजारचं कुटुंब ट्रेलर बघतंय, त्यांच्यासाठी ती पानं उतरवून घेते आहे.

आपली,
सांगलीची लेक