पिट्युटरी काढलेल्या उंदरांची किडनी मोजताना

परभणी, ९ मे

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

पिट्युटरी (मेंदूखालची हार्मोनग्रंथी) काढलेल्या उंदरांवरच्या तुझ्या प्रयोगाची परवानगी हातात आहे असं धरून थेट कामाचं लिहितो. इन्युलिन (साखरेच्या साखळीचा पदार्थ) वापरून काढलेला क्लिअरन्स, म्हणजे किडनीच्या गाळणाचं माप, घटलेला दिसणारच. ग्रोथ हार्मोन, थायरॉइड, कॉर्टिकोस्टेरॉन सगळंच ओसरलं की गाळण उतरतं अन् रक्तप्रवाहही. पण ती घट हार्मोनची, की उपाशी, गारठलेल्या, बीपी पडलेल्या जनावराची, हे नुसता आकडा सांगत नाही. म्हणून कंट्रोल, म्हणजे पिट्युटरी शाबूत असलेल्या, उंदरांना रोज तेवढंच तोलून घाल जेवढं पिट्युटरी काढलेल्यांनी खाल्लं. कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

भूल थोडी थोडी दे, नेहमीचा डोस यांना झेपत नाही. बाहेर ४२ अंश असले तरी एसीखाली भुलीतला उंदीर बघता बघता गार पडतो. ३७ वर ठेव. गरम टेबल इन्व्हर्टरवर घे, लाईटचा काय भरवसा!

इन्युलिन सलाईनमध्ये तापवून पूर्ण विरघळव, कोमट झाल्यावरच शिरेत सोड. आधी एकदम द्यायचा प्राइमिंग डोस, मग सलग इन्फ्युजन, तासभर थांबून वीस-वीस मिनिटांची लघवी, रक्त मधोमध. खरा घोळ मूत्राशयात होतो. मिनिटाला १० मायक्रोलिटर लघवी म्हणजे वीस मिनिटांत २००. त्यातले ५० आतच अडकले की क्लिअरन्स चौथाईनं खाली, अन् दोष जातो पिट्युटरीवर. कॅथेटरचं टोक घुमटाशी बांध, प्रत्येक वेळी पोट हलकं दाबून रिकामं कर. प्यायच्या पाण्यात ५ टक्के ग्लुकोज देतोसच, तर इन्युलिन मोजायचं रसायन अँथ्रोन त्यालाही रंग देतं. इन्युलिनआधीचं रक्त-लघवी ब्लँक, म्हणजे वजा करायचा नमुना, म्हणून ठेव. क्रिएटिनिनवर मात्र भागवू नकोस. ते स्नायूंतून येतं अन् इथं स्नायूच झडलेत, आकडा उगाच दिलासा देतो.

किडनीचा रक्तप्रवाह मोजायला पीएएच (पॅरा-अमिनोहिप्युरिक आम्ल) सोड. एका फेरीत नव्वद टक्के निघतं हे धडधाकट किडनीचं गृहीतक इथं चालवू नकोस, शेवटी किडनीच्या शिरेतलं रक्त घेऊन तपास. हिमॅटोक्रिटही (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ज्याचा त्याचा. प्लाझ्मा प्रवाह ५ मिली असताना ४५ टक्के धरलास तर रक्तप्रवाह ९.१ येतो, खरे ३६ असतील तर ७.८.

बीपी ९०च्या खाली गेलं की किडनीला स्वतःचा प्रवाह सांभाळणं अवघड जातं. काही कंट्रोलमध्ये किडनीच्या धमन्यांच्या वर महाधमनीवर सैल फास टाकून तेवढंच बीपी आण, मग ताडून बघ. आकडे किडनीच्या ग्रॅममागेही काढ, कारण ती आकसलेली असते.

शेवटी कवटी उघडून सेला टर्सिका (पिट्युटरी बसते तो हाडातला खळगा) भिंगाखाली बघ. ग्रंथीचा कण राहिला असेल तर तो उंदीर बाद, आणि हे त्याचा क्लिअरन्स बघायच्या आधी ठरव.

तुझा,
विठ्ठल