बालवाडीत संशोधक येणार म्हणून

पुणे

प्रिय मंगल,

विद्यापीठातली मंडळी चाचण्या घ्यायला येणार म्हणून तुझ्या बालवाडीच्या ताया भडकल्या, “आमची पोरं काय उंदीर आहेत?” म्हणाल्या, हे वाचून हसू आलं. राग रास्तच आहे. तरी दार लावून घेऊ नकोस.

तमिळनाडूत काय झालं ते सांगते. अंगणवाडीत सेविका एकच. वजनं घ्या, रजिस्टर भरा, गरोदर बायकांचं बघा, आणि उरल्या वेळात शिकवा! अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्य सरकारबरोबर 640 अंगणवाड्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यांतल्या निम्म्या निवडून तिथे फक्त शिकवण्यासाठी एक अर्धवेळ ताई दिली. दीड वर्षाने पाहिलं तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झालेला, मुलं गणितात आणि भाषेत पुढे गेलेली. शिवाय मूळ सेविकेला आहार-आरोग्याकडे बघायला उसंत मिळाली, त्यामुळे तीव्र कुपोषणही घटलं. म्हणजे नवा अभ्यासक्रम नाही, महागडी खेळणी नाहीत. माणूस वाढवलं, एवढंच. हे कुठल्याही सेविकेने चहा पिता पिता सांगितलं असतं. पण मीटिंगमध्ये तिचं म्हणणं कुरकुर ठरतं आणि अर्थखातं आकडा मागतं. दहा केंद्रांवरून हजारावर जायचं तर तो आकडा लागतोच.

दिल्लीत मात्र संशोधकांनाच धडा मिळाला. ‘प्रथम’ या संस्थेच्या 214 बालवाड्यांत अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्के यांच्या गटाने मुलांकडून गणिताचे खेळ खेळून घेतले: कुठल्या कार्डावर ठिपके जास्त, कुठला आकार वेगळा, असले. त्यात पोरं तरबेज झाली आणि वर्षभरानंतरही तरबेजच होती. अंकांतही लगेच थोडी पुढे गेली, पण नंतर शाळेतलं गणित शिकताना त्याचा फायदा दिसला नाही. ठिपक्यांवरून ‘7’ या अंकापर्यंतची वाट मुलाला आपोआप सापडत नाही, ती कुणीतरी दाखवावी लागते. हा निकाल त्यांनी लपवला नाही, उघड छापला. मला तर यशापेक्षा हाच कागद जास्त आवडतो.

तेव्हा हो म्हण, पण अटी घाल. पहिली अट भाषेची. नाशिककडच्या पेठ तालुक्यातली तुझी पोरं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. त्यांना छापील मराठीत “चित्रात काय दिसतं?” विचारलं तर ती गप्प बसतील आणि अहवालात ‘शब्दसंग्रह कमी’ असं येईल. प्रश्न ठरवताना दोन-तीन ताया तिथे हव्यातच, आणि त्या वेळेचं मानधनही हवं. ज्या बालवाड्यांना यंदा काही मिळणार नाही, त्यांना पुढच्या वर्षी मिळेल हे लेखी घे. आणि निकाल आधी तायांना कळू दे, मग परिषदांना.

आदिवासी मुलांसाठी बालवाड्या काढणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांना हे असलं काही ठरवावं लागलं नाही. 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गेल्या. मुलं गुरांमागे जातात असं दिसलं तेव्हा कुरणातच भरणारी कुरणशाळा काढली. बघणारी आणि शिकवणारी तीच. आता ही दोन माणसं दोन इमारतींत बसतात, म्हणून करारनामे लागतात.

त्यांची प्रश्नावली आली की मला पाठव, लाल पेन घेऊन बसते. आणि ती उंदीरवाली ताई पहिल्या बैठकीला हवीच, तिला घरी ठेवू नकोस.

तुझी,
वसुधा